उरलेली जीभ

'कावळा' हा शब्द अगदी सावकाश उच्चारून पाहावा. 'का' म्हणताना जिभेची पाठ मागच्या बाजूला टाळूला टेकते आणि सुटते. 'व'च्या वेळी मुख्य काम ओठांचे असते, जीभ जवळजवळ मोकळी असते. मग 'ळ' येतो. जिभेचे टोक वर उचलले जाते, मागे वळते, त्याची खालची बाजू कडक टाळूला टेकते. कडा मात्र मोकळ्या राहतात, तिथून हवा निसटते आणि टोक झटक्यात पुढे येते. हे सगळे सेकंदाच्या एका लहानशा अंशात घडते, आणि लगेच पुढच्या 'आ'साठी जीभ खाली बसते. आपण दिवसभरात असे हजारो शब्द बोलतो, त्यातल्या एकाही हालचालीचा विचार करत नाही. जेवतानाही हीच जीभ घास दाढांखाली ढकलते, गालात अडकलेले शीत शोधून काढते, घास मऊ झाला की गोळा करून घशाकडे लोटते. कर्करोगामुळे ही जीभ कापून काढावी लागली, तर तिच्या जागी दुसरी करता येते का? आणि करता येत नसेल, तर मूत्रपिंड किंवा यकृत घेतात तशी मृत दात्याची जीभ घेऊन बसवता येते का? दोन्ही प्रश्नांची उत्तरे शल्यचिकित्सेने गेल्या साठ वर्षांत प्रत्यक्ष करून दिली आहेत. ती उत्तरे नीट वाचली की मला एकच निष्कर्ष दिसतो: रुग्णाचे बोलणे आणि गिळणे कापून उरलेल्या जिभेवर ठरते. बाहेरून आणलेले मांस कितीही कौशल्याने शिवले, तरी त्याचे खरे काम त्या उरलेल्या भागाला जागा आणि आधार देण्याचे आहे.

जिभेला हाड नसते, असे आपण बेताल बोलणाऱ्याबद्दल म्हणतो. शरीररचनेच्या दृष्टीने ते अक्षरशः खरे आहे, आणि सगळी अडचण तिथूनच सुरू होते. हात हलतो तेव्हा स्नायू आखडतो, कंडरा ओढली जाते आणि हाड सांध्याभोवती फिरते. जिभेत ओढायला हाडच नाही. १९८५ मध्ये कीर आणि स्मिथ या दोन जीवशास्त्रज्ञांनी जीभ, हत्तीची सोंड आणि माखल्यांचे बाहू यांना एका वर्गात बसवले. या अवयवांत स्नायूच हलवणारा असतो आणि स्नायूच आधार देणारा. पाण्याने भरलेली पिशवी एका बाजूने दाबली की ती दुसऱ्या बाजूने फुगते, कारण पाण्याचे आकारमान बदलत नाही; जीभही तशीच चालते. आडवे तंतू आखडले की ती लांब आणि निमुळती होते, उभे तंतू आखडले की चपटी आणि रुंद होते. तिच्यात आठ प्रकारचे स्नायू असतात. चार जिभेतच सुरू होऊन जिभेतच संपतात आणि तिचा आकार बदलतात. चार जबडा, कंठास्थी, कवटी आणि टाळू यांच्यापासून येतात आणि तिची जागा बदलतात. पण हे तंतू कापडातल्या ताण्याबाण्यासारखे एकमेकांत विणलेले आहेत. त्यांतल्या एकाला वगळून बाकीचे सारे मेंदूतून निघणाऱ्या चेतातंतूंच्या बाराव्या जोडीच्या हुकमतीत असतात. स्पर्श आणि चव यांचे चेतातंतू वेगळे, आणि पुढच्या दोन तृतीयांश भागाचे व मागच्या एक तृतीयांश भागाचेही वेगवेगळे. म्हणजे जिभेचा तुकडा कापला जातो तेव्हा विणलेल्या वस्त्राचा एक भाग आणि त्याच्या तारा एकदम जातात.

आणि तो कापावा लागतो, वारंवार कापावा लागतो. भारतातल्या पुरुषांमध्ये तोंडाचा कर्करोग सर्वांत जास्त आढळतो. देशात दरवर्षी त्याचे एक लाखाहून अधिक नवे रुग्ण नोंदले जातात. तंबाखू-चुना, मावा, गुटखा, सुपारी, विडी, दारू आणि आपल्याकडच्या बायकांच्या हातातली मशेरी, ही कारणे माहीत नाहीत असा माणूस महाराष्ट्रात सापडणार नाही. २०१२ मध्ये राज्याने गुटख्यावर बंदी घातली, तरी आजार तसाच आहे. आपल्याकडे गाल आणि हिरडीचा कर्करोग जास्त, पण जिभेचाही कमी नाही, आणि तो बहुधा जिभेच्या कडेला उगवतो. त्यावरचा मुख्य उपाय शस्त्रक्रिया हाच. डोळ्यांना दिसणाऱ्या गाठीच्या भोवती साधारण एक सेंटिमीटर निरोगी दिसणारा भागही काढावा लागतो, कारण कर्करोगाच्या पेशी गाठीच्या हद्दीबाहेर पोहोचलेल्या असू शकतात. जीभ मुळातच लहान. दोन सेंटिमीटरची गाठ काढताना चारही बाजूंनी एक-एक सेंटिमीटर घेतला की जवळपास अर्धी जीभ जाते. गाठ मधली रेघ ओलांडून गेली असेल, तर कधी सगळीच.

उरलेल्या पोकळीचे करायचे काय, या प्रश्नाचे मूळ तत्त्व फार जुने आहे आणि त्याचा एक महत्त्वाचा पुरावा पुण्याजवळचा आहे. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात एक पत्र छापून आले. १७९२ च्या लढाईत इंग्रज फौजेबरोबर असलेला कावसजी नावाचा बैलगाडीवान टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. पुढे पुण्याजवळच्या, विटा करणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवे नाक करून दिले. मेणाचे नाक करून ते चेहऱ्यावर बसवून पाहायचे, मग ते मेण सपाट करून कपाळावर ठेवायचे, त्याच्या आकाराची कातडी सोलायची, पण दोन भुवयांच्या मधली दांडी तोडायची नाही. कातडी त्या दांडीवर वळवून खाली आणायची आणि शिवायची. सुश्रुतसंहितेतही नाक जोडण्याचा विधी आहे. पुढे १८१४ मध्ये कार्प्यू या इंग्रज शल्यचिकित्सकाने लंडनला हीच पद्धत वापरून शस्त्रक्रिया केली. त्या विटा करणाऱ्या माणसाचे नाव इतिहासाने ठेवले नाही, याची मला खंत वाटते, कारण आजच्या जिभेच्या पुनर्रचनेचा गाभा त्याच्या हातात होता. मांसाचा तुकडा एका जागेवरून दुसरीकडे न्यायचा असेल, तर त्याच्या रक्ताची वाट तोडू नका. अशा रक्तासकट हलवलेल्या तुकड्याला शल्यचिकित्सक फ्लॅप म्हणतात.

तोंडात मात्र कपाळाची कातडी पुरत नाही. १९६५ मध्ये अमेरिकेतल्या बफेलो इथे बकाम्जियन यांनी छातीच्या वरच्या भागाची कातडी दांडीवर वळवून घशापर्यंत नेली. १९७९ मध्ये अरियन यांनी छातीचा मोठा स्नायू त्याच्या कातडीसकट गळ्याखालून वर घेऊन तोंडात बसवला. ही पद्धत भक्कम आणि वेगवान होती. रुग्णांची रांग आणि शस्त्रक्रियागृहांची टंचाई असलेल्या आपल्यासारख्या देशात ती अनेक वर्षे मोठा आधार ठरली, आजही ठरते. तिचे दोष उघड आहेत. छातीचा स्नायू जाड असतो, त्याचे वजन खाली ओढते, आणि पुढे तो आकसतो तसा उरलेल्या जिभेलाही तळाशी जखडून टाकतो.

दांडीच नको असेल, तर रक्तवाहिनी तोडून दुसऱ्या जागी पुन्हा जोडावी लागणार. हे काम अलेक्सी कॅरेल यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मोठ्या रक्तवाहिन्यांवर करून दाखवले आणि १९१२ चे नोबेल पारितोषिक मिळवले. पण तोंडाच्या पुनर्रचनेला लागणाऱ्या धमन्या दोन-तीन मिलिमीटरच्या. त्यासाठी १९६० पासून शल्यचिकित्सक सूक्ष्मदर्शकाखाली, केसाहून बारीक धाग्याने टाके घालू लागले. चीनमधल्या शेन्यांग इथे यांग ग्वोफान आणि सहकाऱ्यांनी मनगटाजवळच्या रेडियल धमनीवर जगणारी कातडी उचलण्याची पद्धत बसवली आणि १९८१ मध्ये ती प्रसिद्ध केली. ही कातडी पातळ आणि मऊ असते, म्हणून ती जिभेसाठी फार उपयोगी ठरली. काढण्याआधी शल्यचिकित्सक रुग्णाच्या मनगटावरच्या दोन्ही धमन्या बोटांनी दाबतो, मूठ उघड-बंद करायला सांगतो, मग फक्त करंगळीकडची धमनी सोडतो. फिकट पडलेला तळवा लगेच लाल झाला, म्हणजे एका धमनीवर हात जगू शकतो. १९८४ पासून मांडीच्या बाहेरच्या बाजूची कातडीही वापरात आली. तिथला व्रण पँटखाली किंवा साडीखाली झाकला जातो आणि जाडीही जास्त मिळते. जिभेच्या आकाराचा तुकडा कापून तो तोंडात शिवायचा आणि त्याची धमनी व शीर मानेतल्या वाहिन्यांना जोडायच्या. नंतरचे दोन-तीन दिवस परिचारिका ठरावीक वेळाने त्या तुकड्याचा रंग पाहतात, सुई टोचून लाल रक्त येते का ते पाहतात. वाहिनीत गुठळी झाली, तर रुग्णाला तातडीने पुन्हा शस्त्रक्रियागृहात न्यावे लागते. सरावलेल्या केंद्रांत शंभरांपैकी पंचाण्णवहून अधिक फ्लॅप जगतात.

फ्लॅप जगला. आता तो काय करतो? बहुधा काहीच नाही. मनगटाची कातडी तोंडात गेल्याने स्नायू होत नाही. तिच्यावर पूर्वी केस उगवत असतील, तर कधीकधी तेही तोंडात उगवत राहतात. कातडीबरोबर घेतलेला स्पर्शाचा चेतातंतू जिभेच्या स्पर्शतंतूला जोडता येतो आणि काही प्रमाणात संवेदना येते. मांडीचा किंवा पोटाचा स्नायू त्याच्या चेतातंतूसकट घेऊन जिभेच्या बाराव्या चेतातंतूला जोडण्याचे प्रयोगही झाले आहेत. त्यांत स्नायू फार सुकत नाही, थोडा उचलल्यासारखा हलतो. 'ळ' म्हणता येईल इतकी कुशलता त्यात येत नाही. म्हणूनच अनुभवी शल्यचिकित्सकांचा विचार उलट्या बाजूने सुरू होतो. अर्धी जीभ उरली असेल, तर फ्लॅप मुद्दाम पातळ आणि सैल ठेवायचा, म्हणजे उरलेल्या भागाला टोक वर नेता येईल, दातांना टेकता येईल, बाजूला वळता येईल. फ्लॅप जाड केला, तर तो निरोगी भागाच्या वाटेत येतो. सगळीच जीभ गेली असेल, तर नियम पालटतो. आता तोंडाच्या तळाशी भरीव उंचवटा लागतो, जो टाळूला टेकेल आणि घास मागे ढकलायला कामी येईल. शस्त्रक्रियेनंतरच्या प्रारणोपचाराने (रेडिएशनने) तो आकसणार हे गृहीत धरून तो थोडा जास्तच भरीव करतात. तरीही टाळूपर्यंत उंची पुरली नाही, तर दंतवैद्य टाळूला बसणारी कवळीसारखी पट्टी तयार करतात, म्हणजे टाळूच खाली उतरतो. एकाच आजारासाठी दोन परस्परविरोधी आकृती, आणि निवड ठरते ती एकाच मोजमापावर: रुग्णाच्या मेंदूचे ऐकणारी जीभ किती उरली. माझ्या म्हणण्याला याहून स्पष्ट पुरावा नाही.

एक जुना पुरावाही आहे. १६३० मध्ये फ्रान्समधल्या सोम्यूर गावच्या रोलाँ या शल्यचिकित्सकाने एका मुलाबद्दल पुस्तक लिहिले. देवीच्या आजारात त्याची जीभ झडून गेली होती, तरी तो बोलत होता. १८७३ मध्ये ट्विसल्टन या इंग्रज लेखकाने अशा नोंदी जमवून जीभ ही बोलण्याला अपरिहार्य नाही, असे प्रतिपादन करणारे पुस्तक प्रसिद्ध केले. यावर आक्षेप घेता येतो की अशा माणसांच्या तोंडात जिभेचा बुंधा शिल्लक असे, आणि मूल लहान असल्याने त्याला शिकायला वर्षे मिळाली. आक्षेप योग्य आहे. पण तो माझ्याच बाजूने जातो. बुंधा हा मेंदूशी जोडलेला खरा स्नायू होता. जीभ नसलेली माणसे 'त' या अक्षरासाठी खालचा ओठ वरच्या दातांना लावतात, जबडा वर आणतात, घशाच्या भिंती आखडतात. बोलण्याचे काम अंगातल्या उरलेल्या, अजून ऐकणाऱ्या स्नायूंत वाटून दिले जाते. हे प्रत्यारोपणाने होत नाही, सरावाने होते.

आता प्रत्यारोपणाकडे येऊ. जुलै २००३ मध्ये व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात मृत दात्याची जीभ एका जिवंत माणसाला बसवण्यात आली. मानवी जिभेचे असे प्रत्यारोपण त्याआधी नोंदले गेले नव्हते. रुग्ण ४२ वर्षांचा होता. तोंडातल्या मोठ्या कर्करोगामुळे त्याची जीभ काढावी लागणार होती. शस्त्रक्रिया १४ तास चालली. जीभ काढणे आणि नवी बसवणे एकाच वेळी झाले, रक्तवाहिन्या व चेतातंतू जोडले गेले. सुरुवातीच्या आठवड्यांत जिभेत रक्त नीट खेळत होते, शरीराने ती नाकारल्याची चिन्हे नव्हती. चव परत येईल अशी आशा शल्यचिकित्सकांनीही धरली नव्हती. हालचाल आणि स्पर्श यांची धरली होती. पुढे कर्करोग परतला आणि रुग्ण दगावला. त्या शल्यचिकित्सकांचे कौशल्य आणि त्या रुग्णाचे धैर्य यांचा आदर ठेवूनच पुढचे म्हणणे मांडावे लागते: त्या शस्त्रक्रियेने जीभ जोडता येते हे सिद्ध केले, जीभ मिळते हे सिद्ध झाले नाही.

पहिली अडचण कर्करोगाची आहे. दुसऱ्याचा अवयव टिकवायचा, तर रुग्णाची प्रतिकारशक्ती आयुष्यभर औषधांनी दाबून ठेवावी लागते. मूत्रपिंडासारख्या अवयवांच्या प्रत्यारोपणानंतरच्या दीर्घ अनुभवातून दिसले आहे की या औषधांखाली कर्करोगाचा धोका वाढतो, आणि त्यात त्वचा व ओठ यांचे कर्करोग ठळक आहेत. ज्याला नुकताच कर्करोग झाला आहे, त्याच्या अंगात तो कुठे दडलेला नाही ही खात्री कोण देणार? याबाबतचा एक चांगला पुरावा परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातला आहे. तोंडाच्या सुरुवातीच्या अवस्थेतल्या, बहुतेक जिभेच्याच कर्करोगाच्या आणि मानेत हाताला गाठ लागत नसलेल्या रुग्णांवर तिथे अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी चाचणी घेतली. तिचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटात जिभेबरोबरच मानेतल्या लसिका ग्रंथीही काढल्या, दुसऱ्यात ग्रंथी वाढल्या तरच काढल्या. तीन वर्षांनंतर पहिल्या गटातले ८० टक्के रुग्ण हयात होते, दुसऱ्यातले ६७.५ टक्के. आणि आपल्या मुद्द्यासाठी याहून महत्त्वाचे म्हणजे, हाताला काही न लागणाऱ्या त्या मानांतून काढलेल्या ग्रंथींत सुमारे तीस टक्के रुग्णांच्या बाबतीत कर्करोग पोहोचलेला होता. गाठ लहान असताना ही स्थिती असेल, तर जिच्यासाठी सगळी जीभ काढावी लागते अशा मोठ्या गाठीच्या रुग्णाची प्रतिकारशक्ती दाबणे किती धोक्याचे आहे, हे वेगळे सांगायला नको.

यावर म्हटले जाईल की मग थांबा: आधी कर्करोग काढा, पाच वर्षे वाट पाहा, तो परतला नाही तर प्रत्यारोपण करा. ऐकायला हे शहाणपणाचे वाटते. पण त्या पाच वर्षांत प्रारणोपचाराने तोंडाचे व मानेचे मांस कडक झालेले असते, बाराव्या चेतातंतूची कापलेली टोके वणात हरवलेली असतात, आणि रुग्ण फ्लॅपवर बोलायला-गिळायला शिकलेला असतो. जे जमले आहे ते काढून टाकून अनिश्चित काहीतरी बसवण्याला तो का तयार व्हावा? कधी उदाहरण दिले जाते ते अमेरिकेतल्या ॲरिझोनाचे. तिथल्या मेयो क्लिनिकमध्ये २०२४ मध्ये कर्करोग असलेल्या रुग्णाला स्वरयंत्राचे प्रत्यारोपण केले गेले. पण त्या रुग्णाला आधीच मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण झालेले असल्याने प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालूच होती, आणि त्याचा कर्करोग कूर्चेचा, जिभेच्या नेहमीच्या कर्करोगापेक्षा वेगळ्या स्वभावाचा होता. ज्याला ही किंमत आधीच मोजावी लागते आहे, त्याच्यावरून सगळ्यांचा हिशेब मांडता येत नाही.

दुसरी अडचण मला अधिक मूलभूत वाटते, कारण उद्या औषधे सुधारली तरी ती राहील. हात बसवता येतो, मग जीभ का नाही, असे विचारले जाते. १९९८ मध्ये फ्रान्समधल्या लियोंला हाताचे प्रत्यारोपण झाले. भारतात जानेवारी २०१५ मध्ये कोचीच्या अमृता संस्थेत डॉ. सुब्रमण्य अय्यर आणि त्यांच्या चमूने ते प्रथम केले, आणि हे अय्यर डोके-मानेच्या कर्करोगाचेही शल्यचिकित्सक आहेत. पण मनगटापाशी बसवलेल्या हाताची बोटे मुख्यतः कोपराखालच्या स्नायूंनी हलतात, आणि ते स्नायू रुग्णाचे स्वतःचे असतात. नव्या हाताच्या कंडरा फक्त त्यांना जोडल्या जातात. जिभेत अशी सोय नाही. तिची ताकद जिभेतच आहे. दात्याच्या जिभेतला प्रत्येक तंतू नव्याने रुग्णाच्या चेतातंतूला सापडावा लागतो. कापलेला चेतातंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो, म्हणजे काही महिन्यांत तो जिभेत पोहोचेल; पण पोहोचताना आडव्या तंतूची आज्ञा नेणारी तार उभ्या तंतूला लागू शकते. चेहऱ्याचा चेतातंतू दुखावून पुन्हा वाढतो, तेव्हा हसताना डोळा मिटणारी माणसे दिसतात. तिथे चूक एका पापणीची असते. जिभेत विणलेल्या आठ प्रकारच्या तंतूंपैकी कोण कोणाला जोडला गेला, हे कुणाच्या हातात नसते. १९९८ मध्ये क्लीव्हलँडला, अपघातात स्वरयंत्र चिरडलेल्या एका माणसाला दात्याचे स्वरयंत्र बसवले गेले आणि त्याला आवाज मिळाला, हे खरे. स्वरयंत्राच्या दोन घड्या जवळ आल्या आणि मधून हवा गेली, तरी आवाज निघतो. जिभेचे काम इतके सोपे नाही. आणि तेही स्वरयंत्र चौदा वर्षांनी शरीराने नाकारल्यामुळे काढावे लागले.

याचा अर्थ प्रत्यारोपण कायमचे बाद असा मी काढत नाही. २००९ मध्ये स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाला आणि २०१२ मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोरला चेहऱ्याच्या प्रत्यारोपणात जबडे आणि जीभ किंवा तिचा भागही बसवला गेला. ज्याचा अख्खा चेहरा गेला आहे, त्याला औषधे घ्यावीच लागणार. त्यात जीभ जोडणे हा वेगळा हिशेब आहे. गोळीने किंवा भाजल्याने जीभ गेली आणि कर्करोगाचा प्रश्नच नाही, अशा मोजक्या माणसांसाठीही तो विचार व्हावा. उंदरांत, सशांत प्रयोग चालू राहावेत. प्रयोगशाळेत वाढवलेल्या स्नायूचा शोधही राहावा. मला आक्षेप आहे तो प्रत्यारोपणाकडे 'खरा उपाय' म्हणून पाहण्याला आणि फ्लॅपकडे तडजोड म्हणून पाहण्याला. ज्या रुग्णाची अर्धी जीभ टिकली आहे, पातळ फ्लॅप बसला आहे आणि ज्याला चांगले प्रशिक्षण मिळाले आहे, तो फोनवर बोलतो, भाकरी खातो, दुकान चालवतो. हे जिभेच्या सध्याच्या कोणत्याही प्रत्यारोपणाने दाखवलेले नाही.

प्रशिक्षण या शब्दावर थांबले पाहिजे, कारण आपल्याकडे सर्वांत मोठी तूट तिथे आहे. शस्त्रक्रिया संपते, प्रारणे संपतात, अन्नाची नळी निघते आणि रुग्ण गावी परततो. त्याला हनुवटी खाली घालून गिळायला, श्वास रोखून गिळून मग खोकायला, कोणता घास कोणत्या गालात ठेवायचा हे शिकवणारा माणूस तालुक्याच्या गावी भेटत नाही. उरलेल्या जिभेला शिकवण्यासाठी भाषाही त्याचीच लागते. इंग्रजीतल्या उच्चारचाचणीत 'ळ' नाही, ट-ठ-ड-ढ-ण ही मूर्धन्य माळ नाही, 'चमचा'तला च आणि 'चिमणी'तला च यांतला फरक नाही. मराठी रुग्णाचे बिघडते ते नेमके इथे, कारण हे सगळे जिभेच्या टोकाचे काम आहे. प-फ-ब-भ-म ओठांचे, ते शाबूत राहतात. म्हणून सराव ओठांच्या अक्षरांपासून सुरू करून दातांकडे आणि शेवटी टाळूकडे न्यावा, 'बाबा'पासून 'बाळ'पर्यंत. असे मराठी शब्दसंच, आणि ते शिकवणारी माणसे, प्रत्येक जिल्हा रुग्णालयात असणे हे प्रत्यारोपणापेक्षा माणशी कितीतरी स्वस्त आहे आणि कितीतरी जास्त लोकांना बोलते करणारे आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या शस्त्रक्रियांचा समावेश आहे. शस्त्रक्रियेनंतरच्या बोलण्या-गिळण्याच्या उपचाराला शस्त्रक्रियेइतकेच आवश्यक मानले जाण्याची आता वेळ आहे.

आणि जीभ किती उरणार, हे शस्त्रक्रियागृहात ठरण्याच्या आधी घरात, आरशापुढे ठरते. गाठ एक सेंटिमीटरची असताना आलेल्या माणसाची जीभ बहुतेक वाचते, कधी फ्लॅपही लागत नाही. चार सेंटिमीटरची झाल्यावर आलेल्याला आपण वर पाहिलेल्या सगळ्या वाटा चालाव्या लागतात. जिभेच्या कडेला पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, घासणाऱ्या दातापाशी व्रण झाला, गाठीसारखे काही लागले आणि ते तीन आठवड्यांत भरून आले नाही, तर दंतवैद्याला किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा आणि तुकडा काढून तपासायला सांगितला तर तो काढू द्या. दुखत नाही म्हणून थांबू नका. सुरुवातीला तो बहुधा दुखतच नाही.